तीन धुरांड्यांची बोट

भाद्रपदातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, भरती लागत असताना, माझे मामा, जोमा, मोरा गावातल्या आपल्या घरी वारले. तीन दिवस ताप होता. वय पन्नाशीच्या आसपास असावे. जन्माची नोंद कुठे नाही. सकाळच्याच लाँचने आलेल्या शेजाऱ्याने ही बातमी मुंबईत माझ्या कचेरीत आणून दिली. गावाच्या दृष्टीने मामांचे हे दुसरे मरण होते. पहिल्या मरणाचे सगळे विधी याच किनाऱ्यावर, रीतीप्रमाणे झाले होते. त्या वेळी ते जिवंत होते.

मोरा हे उरणचे बंदर. धक्क्यावर उभे राहिले की समोर मुंबईचे बारे, म्हणजे बंदराचे आतले पाणी, दिसते आणि बाऱ्यात नांगरलेल्या लढाऊ बोटी दिसतात. गावाला त्यांची नावे कधी माहीत नव्हती. बोट ओळखायची ती धुरांड्यांवरून. दोन धुरांड्यांची, तीन धुरांड्यांची, एक डोलकाठी तिरकी असलेली... मीठ ओढणाऱ्या बायकासुद्धा क्षितिजावरच्या धुराकडे बघून कोणती बोट आत येते आहे ते सांगत, आणि बहुधा बरोबर सांगत. १९१४च्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी मामा तीन धुरांड्यांच्या एका क्रूझरवर कोळसा ओढायच्या कामाला लागले. आमचे आजोळ मिठागरावर राबणाऱ्या आगरी लोकांचे. मिठाचा हंगाम संपला होता, मुंबईला माणसे घेत आहेत असे कळले, ते गेले. लग्नाला दीड वर्ष झाले होते. मूल नव्हते. ठकूमामी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. बोट बाऱ्यातून बाहेर पडली तेव्हा ती धक्क्यावर होती. खांदेरी बेटापलीकडे तिन्ही धूर एक होईपर्यंत उभी होती, असे माझी आई सांगे.

पहिली दोन वर्षे पत्रे आली. मामांना लिहिता येत नसे. बोटीवरचा एक गोव्याचा वाढपी लिहून देई. मजकूर एकच असायचा : खुशाल आहे, काळजी नसावी. मग पत्रे थांबली. युद्ध संपले, बोटी परत येऊ लागल्या. मामी संध्याकाळी मिठागरावरून येताना धक्क्यावरून वळसा घेई. दोन धुरांड्यांच्या आल्या, चार धुरांड्यांचीही एक आली. तीन धुरांड्यांची ती बोट आली नाही. गावाने अर्थ लावला की ती बुडाली. कोणी चौकशी केली नाही. कोणाकडे करायची हे ठाऊक नव्हते, आणि आमच्या किनाऱ्यावर न परतलेल्या होडीची चौकशी करायची पद्धतही नव्हती. वाट पाहायची पद्धत होती.

ती वाट बारा वर्षांची. बारा वर्षे माणसाचा पत्ता नसेल तर त्याला गेला असे धरून त्याची क्रिया करतात, नाहीतर तो अडकून राहतो, अशी समजूत आहे. आजोबा थकले होते. आपल्या डोळ्यांदेखत पोराचे हे एवढे उरकावे, असा त्यांनी हट्ट धरला. उरणहून भटजी आले. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि किनाऱ्यावरच्या मसणात त्याला अग्नी दिला. त्याच दुपारी चार बायकांनी मामीला विहिरीवर नेले, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. मी त्या दिवशी गावात होतो. मामी हात पुढे करून बसली होती. वर्ष पुरे व्हायच्या आत आजोबाही गेले.

पुतळा जळत होता तेव्हा समोर बाऱ्यात एक काळे, बोडके धूड नांगरलेले होते. काही वर्षांपूर्वी ते ओढून आणले होते. वर कोळशाचे ढीग, बाजूला कोळसा नेणारे पडाव लागलेले. गाव त्याला ‘वखार’ म्हणे. धुरांडी नव्हती, डोलकाठ्या नव्हत्या, तोफा नव्हत्या. म्हणून कोणी त्याच्याकडे बोट म्हणून पाहिलेच नाही.

क्रियेनंतर दीड वर्षाने, फाल्गुनात, मामा मुंबईहून लाँचने मोऱ्याला उतरले. डोक्याचे केस पांढरे, अंगात जाड लोकरीचा कोट, हातात पत्र्याची पेटी. धक्क्यावर त्यांना पहिल्यांदा ओळखले ते माझ्या आईने. ती माहेरी आली होती आणि मासळी घ्यायला उतरली होती. ओळख पटल्यावर ती म्हणाली, “तू न्हायस. तुझी बोट बुडाली.”

“बुडाली कुठं?” मामांनी मागे वळून हात केला. “ती काय उभी हाय.”

ती वखार होती. युद्धानंतर जुनी बोट म्हणून तिची धुरांडी काढली, तोफा उतरवल्या आणि कोळसा साठवायला तिला मुंबईत आणून ठेवले, हे मी पुढे बंदरखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून पक्के करून घेतले. माणसांना त्याआधीच विलायतेच्या एका बंदरात उतरवून मोकळे केले होते. मामा तिथून मालवाहू बोटींवर भट्टीचे काम करीत राहिले. पत्र का पाठवले नाही, हे त्यांना गावात अनेकांनी विचारले. मला त्यांनी दिलेले उत्तर असे : “लिवनारा मिळायचा रे. सांगायचं काय, ते मिळायचं न्हाय. येक वरीस चुकलं की दुसऱ्या वर्साला लाज वाटते. मग लाजच मोठी होते.”

क्रिया झालेला माणूस परत आला तर काय करायचे, याचाही शास्त्रात मार्ग आहे, असे भटजी म्हणाले. त्याचा पुन्हा जन्म करायचा. त्याप्रमाणे मामांच्या अंगाला तूप लावून त्यांना न्हाऊ घातले, दुपट्यात गुंडाळून म्हाताऱ्या चुलतीच्या मांडीवर डोके ठेवायला लावले आणि बारसे केले. घुगऱ्या वाटल्या. गाव लोटले होते. “पोराला मिशा हायेत गो!” असे कोणीतरी ओरडले, तेव्हा भटजीही हसले. “टाळू भरा त्याची, लय कोळसा खाल्लाय,” असे दुसरे कोणी. आत्या हयात नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान माझ्या आईला मिळाला. नवे नाव घ्या, असे भटजींनी सांगितले होते. आईने कानाशी तोंड नेले आणि ‘जोमा’ म्हणाली. भटजी रागावले. आई म्हणाली, “मला दुसरं ठावं न्हाय.”

पुढचा विधी लग्नाचा. नव्याने जन्मलेल्याला जुनी बायको नाही. तिच्याशी पुन्हा लग्न लागले पाहिजे. गाव हे धरूनच चालले होते. कोणीतरी कासाराला निरोपही दिला होता. ओटीवर पाटील आणि गावकरी बसले होते, मामी दाराच्या आत उभी होती. तिथूनच बोलली. “फोडल्या तवा मला कुनी इचारलं न्हाय. आता भरायच्या तर इचारा.”

पाटलांनी विचारले, “बरं, इचारतो. भरायच्या का?”

“न्हाय.”

पाटील म्हणाले, “ठकू, बाई, बाप्या जित्ता आलाय. अजून काय पायजे?”

“ती तिकडं उभी हाय तवर न्हाय,” मामी म्हणाली. बाऱ्याकडे तिने बघितले नाही. “बारा वर्सं मी तिचीच वाट बघत व्हती, ती समोर येऊन उभी ऱ्हायली आन मला कललं न्हाय. आता रोज समोर दिसंल. तिला बघत बघत संसार करायचा न्हाय मला.”

तिला समजावायला बायका गेल्या, भटजी गेले, माझी आई गेली. उपयोग झाला नाही. ती मामांना जा म्हणत नव्हती आणि घरातही घेत नव्हती. मामा मिठागरावरच्या मांगरात, राखणीच्या झोपडीत, राहू लागले. दोन्ही वेळा जेवायला घरी येत. ओटीवर केळीच्या पानावर मामी वाढे आणि आत जाई. गावातली पोरे त्यांना ‘बिनलग्नाचा जावई’ म्हणत. मामांनी तक्रार केली नाही. मी एकदा म्हणालो, बोट सरकारची आहे, ती हलवणे तुमच्या हातात नाही, मामीला तसे सांगा. ते म्हणाले, “तिच्याबी हातात कायच नव्हतं. बारा वर्सं.”

अशी तीनएक वर्षे गेली.

त्या काळात सुट्टीला गेलो की मी मांगरात जाऊन बसे. वर्तमानपत्रात बोटींच्या येण्याजाण्याचे सदर माझ्याकडे होते, त्यामुळे प्रश्न असत. ती बोट कुठे लढली, हे मामांना नीट सांगता येत नव्हते. ते बंकरमधून, म्हणजे बोटीतल्या कोळशाच्या कोठारातून, भट्टीपर्यंत कोळसा ओढीत. वर यायला क्वचितच मिळे. “वर तोफ उडाली की खाली कोळशाचा ढीग हलायचा. मग कललं, लढाई हाय. ढीग गप झाला की कललं, झाली.” शत्रूची बोट त्यांनी पाहिली नव्हती. आपली बोट तरी बाहेरून पुरी पाहिली ती दोनदाच, चढताना आणि उतरताना. बाऱ्यात आता तेलावर चालणाऱ्या पांढऱ्या क्रूझर येऊ लागल्या होत्या, पिवळ्या धुरांड्यांच्या. त्यांच्याकडे पाहून म्हणत, “धूर बघ, न्हाईच म्हन ना. खाली मानूसच नसंल.” त्यात कौतुक होते की हळहळ, हे मी ठरवू शकलो नाही.

मग वखार भंगारवाल्याने विकत घेतली. एका भरतीला दोन टग बोटींनी तिला बाऱ्यातून ओढून पलीकडे दारूखान्याला, बोटी तोडायच्या किनाऱ्यावर, नेले. मोऱ्याच्या धक्क्यावर माणसे जमली होती, मामी नव्हती. दुसऱ्या दिवशी मामा मुंबईला गेले आणि बोट तोडणाऱ्यांच्या टोळीत लागले. मी तिथे त्यांना भेटलो. चिखलात बोट आडवी बसवली होती, बाजूचे पत्रे निघाले होते, आतल्या फासळ्या दिसत होत्या. मामांनी मला भट्टीची जागा दाखवली. उजेड थेट आत पडला होता. “हितं कंदी ऊन आलं नव्हतं,” म्हणाले. मग घण उचलून कामाला लागले. पावसाळ्याचे महिने सोडून जवळजवळ वर्षभर ते काम चालले. शेवटचा पत्रा निघेपर्यंत ते राहिले.

परत आले तेव्हा खांद्यावर डेकवरची एक सागवानी फळी होती. गावच्या सुताराकडून तिचे दोन पाट करून घेतले. खिळे होते त्या जागी गोल लाकडी बुचे बसवलेली आहेत, ती तशीच ठेवली. पाट त्यांनी ओटीवर नेऊन ठेवले. पुढचे बोलणे माझ्या आईने ऐकलेले आहे.

मामी म्हणाली, “झाली?”

“झाली.”

“काय ऱ्हायलं?”

“येवढंच.”

मामीने एक पाट उचलून पाहिला, उलटा केला, बुचांवरून अंगठा फिरवला. “कासाराला बोलवा,” म्हणाली. “हिरव्या आनाय सांगा. आन मापाच्या. मागल्या येलेला सैल व्हत्या.”

लग्न त्याच पाटांवर लागले. वीसएक माणसे असतील. मंगलाष्टके चालू असताना मामी हसत होती, ही मी स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. त्यानंतर मामांनी मिठागरावर काम केले, उधाणात फुटलेले बांध घातले, आजोबांच्या जागी गावकीत बसले. बोटींविषयी आपणहून बोलत नसत. जेवायला रोज त्याच पाटावर बसत. मामीचा पाट चुलीच्या बाजूला, त्यांचा भिंतीच्या बाजूला. रीतीने नवरा आधी जेवतो, बायको मागून. या घरात दोघे एका वेळी जेवत. गावात त्यावर बोलणे होई. मामी म्हणे, “बारा वर्सं मागून जेवली, तवा जेवनारा कुठं व्हता?”

भाद्रपदातल्या त्या सोमवारी मी पोहोचलो तेव्हा दुपारची ओहोटी लागली होती. पुतळा जाळला होता त्याच जागेच्या थोडे वरच्या अंगाला मामांना अग्नी दिला. समोर बाऱ्यात पांढऱ्या बोटी होत्या. सध्या पुन्हा लढाईचे बोलणे चालू आहे, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त होत्या. परत आलो तर विहिरीवर बायका थांबलेल्या. त्यांच्यातली एक, पहिल्या वेळीही जी होती, ती मामीला न्यायला पुढे झाली. मामीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“चल गो,” ती बाई म्हणाली. “रीत हाय.”

“झाली रीत,” मामी म्हणाली. “ह्याच मानसाच्या नावानं एकदा फोडल्यात. येका मानसाला दोनदा न्हाय फोडायच्या.”

भटजींकडे सगळ्यांनी पाहिले. पहिल्या भटजींचे हे चिरंजीव. त्यांनी थोडा विचार केला, शास्त्रात याविषयी काही आठवत नाही असे सांगितले आणि तेराव्याची यादी द्यायला लागले. बायका एकेक करून घरी गेल्या.

परवा कार्तिकी द्वादशीला मोऱ्याला जाऊन आलो. घरात दोन्ही पाट जागेवर आहेत, एक चुलीच्या बाजूला, एक भिंतीच्या. मामीने मला ओटीवर वाढले. तिच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत.