साडीचं दुसरं टोक

"ऊठ. आणि बसलीस ती जागा पुसून जा."

वहिनी ओरडल्या नाहीत. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हातात कुंकवाची कोयरी, तोंडावर हसू तसंच. माझ्या शेजारच्या कमलच्या कपाळाला त्यांनी बोट टेकवलं, माझ्यापुढं आल्या, बोट मागं घेतलं आणि हे म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या हातून काही सांडलं असेल. मी खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती.

"येशूवाली ना तू? मग सवाष्णींच्या ओळीत कशाला? फडकं मोरीत आहे."

सोसायटीतल्या बायका सतरंजीवर होत्या. आम्ही कामाच्या बायका भिंतीकडेला, फरशीवर. सतरंजीवरून एक जण म्हणाली, "बाटून काय मिळालं गं तुला? गहू का शिलाई मशीन?" सगळ्या हसल्या. वर गच्चीत पोरं पतंग कापून "काय पो छे" करत होती.

मी कुंकू लावून घेणारच नव्हते. "नको वहिनी, नुसता तिळगूळ द्या," असं म्हणायचं ठरवून आले होते. म्हणायची वेळच आली नाही. मोरीतून फडकं आणलं. वाकले. पुसलं. मला नीट पुसता यावं म्हणून कमलनं पाय आखडून घेतले. माझ्याकडं बघितलं नाही.

दारात वहिनींनी वरून माझ्या हातावर तिळगूळ टाकला. "गोड बोल हो. पण देवाचं बोलू नकोस."

हे कतारगामातलं. सुरतेत प्लेग आला त्याच्या आधीचं. वहिनी म्हणजे आमची मालकीण. साहेब बँकेत, माणसं पुण्याकडची. रो-हाऊसच्या खालच्या खोलीत वहिनींचा धंदा. मार्केटमधून मशीनभरताच्या साड्या यायच्या. त्यांच्या मागच्या बाजूला दोरे लोंबत असतात. ते आम्ही कातरीनं कापायचो.

एका साडीला दोन बायका लागतात. एवढं कापड एकटीला आवरत नाही, जमिनीला लागून मळलं की व्यापारी परत करतो. म्हणून एक टोक एकीच्या मांडीवर, दुसरं टोक दुसरीच्या. कापत कापत दोघींनी मध्याकडं यायचं. टोकाला असताना मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून तिथं भाजीचा भाव आणि पाण्याची भांडणं. मध्याला आलं की गुडघ्याला गुडघा लागतो. मग खरं निघतं. नवऱ्याचा मार. सासूचं बोलणं. न सांगता येणारी दुखणी. आमच्या बायकांची सगळी दुःखं साडीच्या मध्यावर सांगितली गेलीत. नेसणारणीला काय माहीत.

माझी जोडीदारीण कमल. धुळ्याकडची, बोलणं अहिराणी. नवरा लूमवर. मी नवापूरकडची, कोसाडला भाड्याची खोली. एकदा मध्याला आल्यावर तिनं विचारलं, "तू कुकू काबरं नही लावस वं?"

विचारलं म्हणून सांगितलं. माझी मुलगी तापानं गेली. शेजारणी दारातून डोकावत होत्या. ताप आपल्या पोरांना लागेल म्हणून आत कोणी येईना. मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती नर्स राहायची. ती आली. पोर गेल्यावर आली, वाचवायला नाही. तिनं पाणी तापवलं, बाह्या वर केल्या, माझ्या पोरीला आंघोळ घातली, केस विंचरले. मी म्हटलं, तुम्ही कशाला? ती म्हणाली, "माझ्या येशूनं दुसऱ्यांचे पाय धुतले. मला एवढं करायला काय झालं?"

त्या येशूच्या मागं मी गेले. गहू नव्हता. मशीन नव्हतं. मुलगीही परत आली नाही.

एवढंच मी कमलला सांगितलं. धर्म बदल असं म्हटलं नाही. तिचा देव खोटा असंही नाही. ती ऐकायची, कातर चालवायची. मग कधी आपणच म्हणायची, "मन्हासाठे बी माग." मी तिच्या डोक्यावर हात ठेवायची, दोन वाक्यं बोलायची, पुन्हा काम. एक दिवस घरी भाकरी थापताना तिच्या तोंडून येशूचं नाव निघालं. सासूनं ऐकलं. सासू तडक वहिनींकडं आली. त्यातून ती संक्रांत.

रविवारी मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला गेले. तिथं प्रार्थनेनंतर साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं काय केलं, आठवड्यात काय सोसलं, ते उभं राहून सांगायचं. मी उभी राहिले. आमच्या मंडळीत एक शिक्षिकाबाई होत्या, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. आजा-पणजापासूनचे ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, "बहिणी, तू चहाचं बघ."

मी चहाचं बघितलं. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. सगळं त्यांच्या कानावर आलं होतं.

"तू बोललीसच कशाला तिथं? सुवार्ता सांगायला अभ्यास लागतो. तू काहीतरी भलतं बोलशील, त्रास आम्हाला होईल. आणि तुझी ती गावठी भाषा. लोक हसतात."

मी कप विसळले.

इकडं वहिनी म्हणतात देवाचं बोलू नको. तिकडं बाई म्हणतात देवाचं बोलू नको. दोघी शिकलेल्या. दोघींच्या मोरीत भांडी घासायला माझ्यासारखीच बाई.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. जेवायला बसले की उठायची. प्रार्थनेला बसले की तेच हसणं कानात. कामावरून सुटले की रिक्षा सोडून चालत निघायची, अमरोलीचा पूल ओलांडून घरी. पाय दुखले की बरं वाटायचं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, काम तर आहे हातात." काम होतं. पण वहिनींनी माझी जोडी तोडली होती. मला दाराशी बसवून ब्लाऊजपीस दिले. ब्लाऊजपीसला दुसरी बाई लागत नाही. एकटीनं बसायचं, एकटीनं कापायचं. कमलसमोर दुसरी बसवली. बायका जाता-येता माझ्या अंगावरून पदर सावरून जायच्या.

असं बरंच चाललं. मग एका दुपारी कमल साडी घेऊन उठली. अख्खी साडी, दोन्ही हातांत गोळा केलेली. माझ्यासमोर आली, बसली, एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. बाकीच्यांच्या कातरी थांबल्या.

"सकाय मन्हं ऑपरेशन शे," ती म्हणाली. उद्या तिची गर्भाची पिशवी काढणार होते, सरकारी दवाखान्यात. तिचे ओठ सुकले होते. "माले भ्याव वाटस. तू बोल ना तुना देवले."

आम्ही मध्याला नव्हतो. दोन टोकांना होतो. म्हणजे जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

वहिनी आतून आल्या. "कमल, जागेवर जा."

कमल हलली नाही.

वहिनी माझ्याकडं वळल्या. "मी तुला सांगितलं होतं. इथं असलं चालणार नाही. एक काय ते ठरव. काम हवं का येशू हवा?"

मी कातर खाली ठेवली. घरात एकट्या नवऱ्याची मजुरी, तीही आज आहे तर उद्या नाही. पण समोर एक बाई भीतीनं सुकून बसली होती आणि तिनं मला मागितलं होतं. वहिनींना नाही. शिक्षिकाबाईंना नाही. मला.

मी म्हटलं, "काम तुमचं आहे, वहिनी. तोंड माझं आहे."

कमलनं विचारलं, "बरी व्हसू का मी?"

"ते माले माहीत नही," मी तिच्याच बोलीत म्हटलं. "मन्ही पोर वाचनी नही, तुले माहीत शे."

मी उठले, साडी ओलांडून तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले. वहिनींकडं बघत बोलले. येशू, ही कमल. उद्या हिला कापणार आहेत. ही घाबरली आहे. तू हिच्याजवळ बस. आमेन.

"झालं?" वहिनी म्हणाल्या.

"झालं."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी चप्पल घातली आणि निघाले.

कमल वाचली. ख्रिस्ती झाली नाही. सासूनं नवस बोलला होता, अंगात त्राण आल्यावर कमलनं सप्तशृंगीच्या गडावर जाऊन तो फेडला. माझ्यासाठी नारळाचा तुकडा आणला. मी खाल्ला. तिनं दिला म्हणून खाल्ला. माझ्या देवाला त्यानं काही झालं नाही.

शिक्षिकाबाईंनी विचारलं, "मग येते का ती मंडळीत?"

"नाही."

"मग तुझं काम गेलं ते फुकटच."

मी म्हटलं, "बाई, मी तिला विकत घ्यायला गेले नव्हते."

त्या दिवशी मी चहाकडं गेले नाही. साक्षीच्या वेळी उभी राहिले आणि मला येते त्या भाषेत बोलले. दोघी-तिघी हसल्या. हसू दिलं. बोलणं पुरं करूनच बसले.

मग सुरतेतच पर्वत पाटियाकडं दुसरं काम धरलं. तिथंही एक वहिनी निघाली. वहिन्या सगळीकडं असतात. माझा राग गेलेला नाही. लोक म्हणतात ख्रिस्ती माणसानं क्षमा करावी. करते, रोज करते, आणि रोज पुन्हा करावी लागते, याचा अर्थ काय तो तुम्ही समजा.

पण एक ठरलं. कोणी विचारलं तर मी सांगणार. नाही विचारलं तर तिची पोरं सांभाळीन, तिचं पाणी भरीन, येशूचं नाव काढणार नाही. बरं होशील असं कोणाला सांगणार नाही. गहू दाखवून कोणाला बोलावणार नाही. बोलावं का गप्प बसावं, हे मालकीण ठरवणार नाही, मंडळीही ठरवणार नाही. मी ठरवणार. त्यासाठी काम सोडावं लागलं तर सोडीन, मंडळी सोडावी लागली तर तीही सोडीन.

हे ऐकीव नाही. माझ्यावर गुजरलेलं आहे. मी नवापूरकडची, चौथी शिकलेली, सुरतेत मजुरी केलेली ख्रिस्ती बाई आहे.