क्रांतीचा दम

क्रांती कबनूरची. आईबाप दोघंही यंत्रमागावर राबणारे, आणि पोरगी कोल्हापुरात हंबीरराव वस्तादांच्या जिममध्ये कामाला. पूर्वी तिथं तालीम होती. आखाड्याच्या जागी आता आरसे लागलेत, पण वस्तादांची जीभ तालमीतलीच राहिली. बायकांची संध्याकाळची बॅच क्रांतीनं उभी केली, घरोघर फिरून, सासवांच्या नाकदुऱ्या काढून. बॅच भरली, तशी वस्तादांनी ती जिमच्या किल्लीसकट आपल्या पुतण्याच्या, धैर्यशीलच्या पदरात टाकली. तिनं कारण विचारलं, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईचा दम तो केवढा? दोन सेटात जीभ भाईर. शिकवायला गडीच लागतोय."

क्रांतीनं तेव्हाच डूख धरला. नोकरी सोडली नाही, मशिनी पुसायचं काम दिलं तेही मुकाट घेतलं. रोज वस्तादांना नमस्कार करायची आणि मनात रोज त्यांचं नाक कापायची.

पुसता पुसता ती पोरांकडं बघायची आणि दुपारी जिम रिकामी झाली की स्वतः बार घ्यायची. धैर्यशील एका दणक्यात उचलायचा ते वजन तिला जन्मात उचललं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण हलक्या वजनावर, थोडक्या विश्रांतीत, पुन्हा पुन्हा बैठका मारायची वेळ आली की तोच गडी आरशाला टेकून धापा टाकायचा. तिचे पाय तेव्हाही आणखी मागत असायचे. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

जिमच्या वाढदिवसाला सगळा गोतावळा जमला, बायकांची बॅचही आली. तेव्हा तिनं धैर्यशीलला आव्हान दिलं. खांद्यावर बार घेऊन बैठका. जो आधी हात टेकेल तो हरला, आणि बॅच जिंकेल त्याची.

वस्तादांना भलताच उदारपणा सुचला. "पोरीवर अन्याव नको. ज्यानं त्यानं आपल्या ताकदीच्या निम्मं वजन घ्यायचं. मधी दम खायला मिळंल, पर घोटभर पाणी पिण्यापुरताच." विश्रांती तोकडी केली ती तिचा दम तुटावा म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्रांती मान खाली घालून म्हणाली, "तुमी म्हणाल तसं, वस्ताद." हसू लपवायला तिला मान खाली घालावीच लागली.

धैर्यशीलनं सुरुवातीला धडाका लावला. शिट्ट्या झाल्या, मिशीला पीळ देऊन झाला. मग त्याच्या बैठका रेंगाळायला लागल्या, पाण्याचा घोट संपेना, आणि शेवटी तो बार टाकून फरशीवरच बसला. क्रांती खाली गेली, वर आली.

"बास की पोरी," वस्ताद म्हणाले. "घे तुझी बॅच."

"बॅच घेणारच हाय. पर त्या दिवशीचा शब्द माघारी घ्या. तवर मी थांबत न्हाय."

तिच्या मांड्या पेटल्या होत्या. पण इतके दिवस पोटात जाळ ठेवलेल्या बाईला हा जाळ गोडच लागत होता. वस्तादांनी आजूबाजूला पाहिलं. मध्ये पडायला कुणी पुढं आलं नाही, पुतण्याही नाही. तिनं आणखी एक बैठक मारली.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. "बाईचा दम मोठा हाय."

"मोठ्यानं की. मागच्या बायकांना आयकू आलं न्हाय."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी कुणी असती तर इथं विरघळली असती. क्रांती पुन्हा खाली बसली आणि त्यांच्याकडं बघतच उठली.

"बाईचा दम मोठा हाय!" वस्ताद ओरडले. बाहेर रस्त्यावरची माणसं थबकून आत बघायला लागली.

मग कुठं तिनं बार स्टँडवर ठेवला आणि धैर्यशीलपुढं किल्लीसाठी हात पसरला.