डग्ग्याखाली गेलेली आत्या

भाऊकाकांशी बोलायचं, तर आधी त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन उतरवावा लागे, आणि तो उतरवला की ते रागावत. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रत्नागिरीत कचेरीत कारकून, लग्न केलेलं नाही, आमच्याच घरात राहत. मस्कतला नोकरीला असलेल्या मित्राने त्यांना हेडफोन आणि इक्वलायझर आणून दिला. सरकत्या बटणांची रांग असलेलं काळं खोकं ते. एका टोकाला खर्ज, दुसऱ्या टोकाला झांजांची किणकिण. हवं ते चढवा, नको ते उतरवा. ते खोकं घरात आलं आणि आमची शांतता गेली.

काका बटणं लावायला बसत ते सोवळ्यात पूजेला बसल्यासारखे. नाकावर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, त्याच्या दांड्यांवर दाबून बसवलेला हेडफोन. चष्म्याशिवाय त्यांना बटणांखालचे आकडे दिसत नसत. "खर्ज पोचत नाही," असं पुटपुटत ते खर्जाचं बटण वर सारत. मग आणखी थोडं वर. मनासारखं झालं की हेडफोन आमच्या डोक्यावर चढवून आमच्या चेहऱ्याकडे बघत बसत.

आम्हाला काय ऐकू यायचं? रिकाम्या पिंपावर उशी आपटावी तसं धुम् धुम्. मी म्हणायची, "काका, घुमतंय." त्यावर उत्तर ठरलेलं, "तुझा कान तयार नाही गो अजून." माझा कान तयार नव्हता, वडिलांचा नव्हता, आईचा तर नव्हताच. स्पीकरवर लावलं तरी तेच. तेव्हा म्हणायचे, "जांभ्याच्या भिंती आहेत, घुमणारच." दोष कानाचा, नाहीतर भिंतीचा. बटणाला कुणी हात लावू गेलं की मनगट धरत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यात आत्या सापडली.

आत्या ही दोघा भावांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायची. गणपतीत तिचा अभंग झाल्याशिवाय आळीतलं कुणी आरतीला उभं राहत नसे. तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज राहीलच असं नाही. आत्या रडली नाही. काकांना म्हणाली, "भाऊ, तुझं ते यंत्र काढ. एकदा गात्ये. मागाहून मला ऐकायला तरी होईल."

ती गायली. साथीला पेटी आणि तबला; काकांनी ते कॅसेटवर भरून घेतलं. मी समोर होते. साध्या टेपवर लगेच लावून बघितलं तेव्हा आवाज कसा लख्ख आला होता. माणसाने तिथे थांबावं ना? पण काकांना ते 'कच्चं' वाटलं. त्यांनी हेडफोन चढवला, खर्ज वाढवला आणि सगळं इक्वलायझरमधून दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं. वर मूळ कॅसेट पुसून तिच्यावर नाट्यगीतं भरली. "एक चांगली आहे ना? दोन दोन कशाला?" आता यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करणार?

ऑपरेशन झालं. आत्या वाचली, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. घरी आल्या दिवशीच काकांनी तिच्या डोक्यावर हेडफोन बसवला. ती बराच वेळ ऐकत राहिली. डग्ग्याने तिला पार खाली दाबून टाकलं होतं. शेवटी तिने विचारलं, "भाऊ, ह्यात मी कुठे आहे?"

"सगळी आहेस. नीट ऐक, ताई."

तिने पुन्हा ऐकलं, हेडफोन काढून ठेवला आणि तांदूळ निवडायला गेली. त्या काळ्या खोक्याला विहीर दाखवावी इतका मला संताप आला. काका मात्र पुढे कितीतरी दिवस ती कॅसेट ऐकत बसायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, "येतंय की स्पष्ट." आत्या त्यांच्याशी बोलायची, पण कॅसेटचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

काही वर्षांनी काका अचानक गेले. इक्वलायझरची बटणं खाऱ्या हवेने धरली. मला नोकरी लागली, पाठोपाठ चष्मा लागला. एकदा गणपतीला घरी आले असताना मी ती कॅसेट साध्या टेपवर लावली आणि काकांचा हेडफोन डोक्यावर चढवला. त्याच्या गाद्या चष्म्याच्या दांड्यांवर टेकल्या, कानाशी फट राहिली, आणि डग्गा त्या फटीतून निघून गेला. मागे उरला आत्याचा आवाज. चष्मा काढला, पुन्हा डग्गा. चष्मा घातला, आत्या.

म्हणजे हा गृहस्थ इतकी वर्षं फटीतून गळणारा खर्ज भरून काढत होता. एकदा चष्मा काढून ऐकलं असतं तर? पण चष्मा काढला तर बटणं दिसणार कशी! ते गेल्यावरही मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं.

मी कपाटातून काकांचा चष्मा काढला आणि माजघरात जाऊन आत्याच्या नाकावर ठेवला.

"अगो, मला काही दिसत नाही ह्यातून," ती कुजबुजली.

"बघायचं नाहीये, आत्या." मी वरून हेडफोन बसवला.

थोड्या वेळाने तिचे ओठ हलू लागले. अभंग संपल्यावर तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"सांगितलंन होतं मला भाऊनं," ती म्हणाली, "सगळी आहेस म्हणून."

चष्मा तिने संध्याकाळपर्यंत काढला नाही. उंबऱ्याला ठेचकाळली, तरी नाही.