परम्याची फेरतपासणी आणि सीतादही

अकोल्यातल्या एका दवाखान्यातली नर्स माझा फेरतपासणीचा निकाल पाहून भरल्या रांगेसमोर म्हणाली, "एक डाव औषध देल्लं होतं ना व? आता आनखी कुठं तोंड मारून आली?" बाकावरच्या बायकांनी पदर सावरले आणि त्या जरा सरकून बसल्या. मी कुठेही तोंड मारलं नव्हतं. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातलं घर, शेत आणि विहीर, एवढंच माझं जग होतं. तोंड मारलं होतं ते माझ्या नवऱ्यानं.

परमा, म्हणजे बाहेरच्या संबंधातून लागणारा गुप्तरोग, त्यानंच घरी आणला. कापसाची गाडी घेऊन तो खरेदी केंद्रावर जायचा, तिथं रांगेत मुक्काम पडायचा. मुक्कामात माणसं काय करतात ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, बायकोला तेवढं कोणी सांगत नाही. माझं ओटीपोट दुखायला लागलं, अंगावरून पिवळं जायला लागलं, तेव्हा मी दवाखाना गाठला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या आणि बजावलं, "नवऱ्यालाही औषध घ्यावं लागेल, त्याशिवाय त्याला जवळ येऊ देऊ नका. तीन महिन्यांनी परत तपासून घ्या, कारण हा रोग परत लागतो. असा पुन्हा पुन्हा लागत राहिला तर गर्भनळ्या बंद होतील, मग मूल होणं कठीण."

नवरा हसला. "मले काय झालं? मले तं काईच तरास नाही. तू बरी झाली म्हंजे घर बरं झालं."

त्याच्या घरची रीतच तशी होती. सोसायटीची सभा असो की कुणाचं लग्न, घरातला एक जण गेला की सगळं घर गेलं. तोच न्याय त्यानं दवाखान्याला लावला, आणि तो एक जण म्हणून मला धाडलं. माझा निकाल म्हणजे त्याचाही निकाल! त्याला जवळ येऊ नका म्हटलं तर ऐकत नव्हता. माझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याले बोलू नको व. आजकाल मानसाचा भरोसा नाही, फवारनीचा डबा उचलते."

त्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येक बाईला हेच ऐकवलं जायचं. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या असायच्या, भीती खोटी नव्हती. पण ज्यांना काही धाड भरली नव्हती असले नवरेही त्या भीतीवर पोळी भाजून घ्यायचे. माझ्या नवऱ्याच्या विहिरीला पाणी होतं, प्रकृती ठणठणीत होती. तरी तो म्हणायचा, "जास्त बोलशीन तं पाह्य मंग." आणि मी गप्प व्हायचे. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

फेरतपासणीत व्हायचं तेच झालं, रोग परत निघाला. नर्सचं बोलणं ऐकून, दुसऱ्यांदा औषध घेऊन घरी आले ती थेट ओसरीच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसले. सासूला सांगितलं, "आत्याबाई, मी बाजूले बसली." पाळीच्या बाईला आमच्या घरात कोणी शिवत नसे. नेहमीचे चार दिवस गेले, मी उठले नाही. आणखी काही दिवस गेले, तरी उठले नाही. धडधडीत खोटं बोलत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. रोगाला जो घाबरला नाही, तो विटाळाचं नाव काढताच लांब राहायला लागला.

तेवढ्यात शेतात कापूस फुटला. वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. घरची सवाष्ण शेतात दगड मांडून पूजा करते, दहीभात वाहते, मग वेचायला सुरुवात होते. आत्याबाई विधवा, त्यांना तो मान नाही. घरात सवाष्ण मी एकटी, आणि मी पोत्यावर!

एका सकाळी आत्याबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "काहून व, अजून बसूनच? कापूस लोंबून राह्यला."

"आत्याबाई, तुमच्या लेकाले परमा हाय. त्यानं मले लावला, अन् औषध घ्याले तयार नाही. तो घेत नाही तोवर मी उठत नाही. मले लेकरू पाह्यजे."

नवरा आंघोळ करून देवाला फुलं वाहत होता. आत्याबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग त्याच्याकडे वळल्या. "देवाले हात नको लावू. पयले अकोल्याले जाय."

नाक मुरडत का होईना, गेला आणि औषध घेऊन आला. सीतादही उशिरा झाली, पण झाली.

तीन महिन्यांनी आम्ही दोघंही तपासायला गेलो. तीच नर्स होती. त्याला पाहून म्हणाली, "बसा ना भाऊ, उभे काहून राह्यले?" आणि खुर्ची पुढे केली. कुठं तोंड मारलं, हे त्याला कोणी विचारलं नाही. दोघांचेही निकाल चांगले आले. "आता रोग नाही, मुलाची आशा ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मला तिथंच रडू फुटलं. फाटकाबाहेर येताच नवरा म्हणाला, "पाह्यलं? म्हनलं होतं ना मी, मले काईच नाही!"

त्यानंतरच्या पाळीला मी पोतं काढलंच नाही. चूल पेटवली, भाकरी थापायला बसले. आत्याबाईंनी पाहिलं आणि त्या अंगणात निघून गेल्या. नवरा दारात थबकला. "बाजूले बस ना."

"तुमचा परमा घरभर फिरला, तवा तुमी बसले होते का बाजूले?"

मी ताट त्याच्यासमोर सरकवलं. तो खाली बसला आणि त्यानं भाकरी मोडली.