नजमाचा एकच शब्द

नजमाला इंग्रजीचा एकच शब्द येत होता. तो मला आजही तिच्याइतका येत नाही.

आज सकाळी ती गेली. तिच्या नातीचा मेसेज आला, तेव्हापासून घरात नुसती फिरते आहे.

गोष्ट साठच्या दशकातली. पांढरकवड्याला हायवेलगत तिच्या अब्बांचं, रहीमचाचांचं, ट्रकचं ग्यारेज आणि त्याच्या मागे आमचं घर. मी आठवीत. ती माझ्याच वयाची, पण सातवी होऊन घरी बसलेली. तिच्या शाळेत इंग्रजी नव्हतं आणि त्याशिवाय आमच्या हायस्कुलात आठवीत घेत नसत.

तिला शिकायचं होतं. चाचा म्हणायचे, "हेडमास्तर घेतो म्हनतीन तं म्या नाई म्हनत नाई."

एकदा नागपूरहून बेअरिंग आलं, ते इंग्रजी-मराठी डिक्शनरीच्या फाटक्या पानात गुंडाळून. बाकी सगळं ग्रीसने काळं. एकच शब्द वाचता येत होता, पण तो एकटाच पाऊण पान अडवून बसलेला.

रन.

एबीसीडी तिला ट्रकच्या नंबर प्लेटवरून येत होतीच.

"रन म्हंजे धावनं," मी ऐटीत सांगितलं.

"मंग एवढं पानभर काय लिवून राह्यले वो?"

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

छापलेला अर्थ ती तसाच मान्य करायची नाही. आधी तो डोळ्यांनी पाहायचा, मग त्याच्यापुढे पेन्सिलने नाव लिहायचं. यंत्र चालू असणे: अब्बा. पाणी वाहणे: चौकातला नळ. नाक गळणे: धाकटा भाऊ शकील.

रंग फुटणे: मी. माझ्या नव्या परकराने पहिल्याच धुण्यात आईचं पांढरं पातळ गुलाबी केलं. मी रडत बसलेली आणि ही पेन्सिल घेऊन हजर.

"रडू नोको वो. एक अर्थ भेटला."

ताप असणे, याच्यासाठी तर ती स्वतःच आजारी पडली. अंथरुणातून पान मागवून घेतलं आणि आपलं नाव लिहिलं.

अडलं ते एका ठिकाणी. जहाज जमिनीला लागणे. आता यवतमाळ जिल्ह्यात जहाज कुठून आणायचं? शेवटी नाल्याच्या वाळूत भरलेला ट्रक रुतला, तेव्हा चाचाच म्हणाले, "बेटा, यालेच जहाज समज अन् लिख." तिने लिहिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

"इंग्रजायले शब्द कमी पडले काय वो?" एकदा तिने विचारलं. "एकाच्याच डोक्यावर एवढं ओझं काहून टाकलं?"

मग जरा वेळाने आपणच म्हणाली, "आपलं चालनं पाह्य. घडी चालते, दुकान चालते, लेकरू चालते. आपन बी तेच करून राह्यलो."

मी तीन वर्षं इंग्रजी घोकत होते. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. ग्यारेजवरचे ड्रायव्हरसुद्धा तिचं कौतुक करायचे. मला ते खुपायचं, खोटं कशाला सांगू.

म्हणूनच, नव्या मुलांना हेडमास्तर पहिल्यांदा काय विचारतात ते माहीत असूनही मी तिला सांगितलं नाही.

चाचा तिला घेऊन गेले. मी दारात उभी होते.

"व्हॉट इज युवर नेम?"

नजमा चाचांकडे पाहायला लागली.

"हाऊ ओल्ड आर यू?"

तिच्या पानावर हे नव्हतं.

हेडमास्तर चाचांना म्हणाले, "घरीच बरी आहे हो पोरगी." तेव्हा तिने ते पान काढून टेबलावर ठेवलं.

"सर, याच्यातलं इचारा."

त्यांनी आधी हसत हसत विचारलं. ती नावागावासकट सांगत गेली. मग त्यांनी चष्मा लावला. एका ओळीवर बोट थांबलं. संस्था चालवणे. पुढे पेन्सिलने लिहिलेलं: हेडमास्तर.

"हा मी?"

"हो सर. म्या खिडकीतून पाह्यलं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "आठवीत नाही जमणार. इंग्रजी पाचवीपासून आहे, पाचवीत बसशील?"

"बसीन," ती लगेच म्हणाली.

चौदा वर्षांची नजमा दहा वर्षांच्या पोरांत बसली. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मला शोधत आमच्या वर्गाशी आली. माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसायला लागल्या.

"तुही मैत्रीण हाय काय वो ते?"

"नाई वो," मी म्हटलं. "ग्यारेजवाल्याची पोरगी हाय."

तिने ऐकलं. परत आली नाही. रोज शाळेतल्या विहिरीच्या ओट्यावर एकटी बसून डबा खायची. मी खिडकीतून पाहायचे.

दिवाळीनंतर ती शाळेतच आली नाही. लोक म्हणाले, स्थळ आलं असेल. स्थळबिळ काही नव्हतं. पण तिला विचारायची मला हिंमत झाली नाही.

विचारलं ते दोघींना नातवंडं झाल्यावर, तिच्या घरी. म्हटलं, अभ्यास जड गेला होता का?

"अभ्यास कायचा जड," ती हसत म्हणाली. "मधल्या सुट्टीत करमे नाई वो एकटीले."

आणि माझ्या कपात अजून चहा ओतला. रागाचा लवलेश नाही. तेव्हाही मला माफी मागता आली नाही. आज इथे लिहून मागते आहे, सगळ्यांसमोर. मला लाज वाटते.

आठवीच्या वर्गापासून त्या ओट्यापर्यंत वीस पावलं होती, नजमा.

मी आले नाही.

खुदा हाफिज.