साउंडबारमधला दुपारचा आवाज

"आधी तुमचा मोबाईल हितं टेबलावर ठेवा," आबा म्हणाले. "मग मशिनीला हात लावा."

मी मोबाईल ठेवला. टीव्ही आणि साउंडबारच्या सर्व्हिसमध्ये माझी बरीच वर्षं गेली, पण दारातच फोन काढून घेणारा कस्टमर हा पहिलाच. हॉलमध्ये आणखी दोघं होती. आबांची सून रेणुका शिलाई मशीनजवळ उभी होती. सोफ्याच्या कडेला तिचा भाऊ बसला होता, सकाळीच अक्कलकोटहून बोलावून घेतलेला. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

कंप्लेंट रेणुकाने केली होती. 'साउंडबार आपोआप बोलतो.' सात रस्ता चौकातल्या आमच्या शोरूममध्ये मॅनेजर मॅडमनी ती वाचली आणि भुवया वर केल्या.

"बागवान, हे रिटर्नचं नाटक दिसतंय. सेट परत करायचाय, म्हणून काहीतरी कारण काढलंय. लगेच हो म्हणून येऊ नका."

मलाही तसंच वाटलं होतं. त्यामुळे मी संशय घेऊनच गेलो होतो. तिथे माझ्यापेक्षा जास्त संशय घेऊन बसलेली माणसं भेटली.

"काय बोलतो बार?" मी विचारलं.

"बार कशाला बोलंल? मानूस बोलतो," आबा म्हणाले. आबा मूळचे मोहोळकडचे शेतकरी. मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवारी घरी येतो. हा फ्लॅट त्याने नुकताच घेतलेला. "दुपारचं मी आत पडलेला असतो. हॉलमधी गडीमानसाचा आवाज येतो. भाईर यावं तर ही एकटीच, आन् हातात मोबाईल. इचारलं तर म्हणती, टीव्हीतनं आपोआप आला."

"आपोआपच आला, मामा," रेणुका म्हणाली.

"आन् कन्नडमधी कसा आला गं आपोआप? टीव्ही तर मराठी चालू हुता की!"

आता माझ्या लक्षात आलं, भाऊ कशाला आलाय ते. रेणुका अक्कलकोटची, माहेरी कन्नड बोलतात. आबांनी माहेरच्या बाजूचा कुणीतरी माणूस मनात पक्का केला होता. भावाला सांगितलं होतं, बहिणीला घेऊन जा, काय ते नंतर बघू.

असल्या घरात टेक्निशियनने तोंड बंद ठेवून वायर तपासावी. मी तेच केलं.

टीव्ही पातळ झाले तसा त्यांचा आवाजही पातळ झाला. म्हणून लोक खाली लांबट पट्टीसारखा स्पीकर लावतात, तो साउंडबार. टीव्हीचा आवाज त्याच्यापर्यंत नेण्याचे दोन रस्ते. एक वायरचा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची काही भोकं असतात, त्यातल्या एकावर एआरसी लिहिलेलं असतं. त्यातून टीव्हीचा आवाज बारकडे जातो. दुसरा ब्लूटूथचा, म्हणजे बिनवायरचा. इथे वायर बरोबर भोकात होती. चित्र ठीक, आवाज ठीक. दुपारचीच वेळ होती, म्हणून टीव्हीवर मालिका लावून मी वाट बघत बसलो.

"काई न्हाय सापडायचं," आबा म्हणाले. "तुमी कंपनीवाले घरातलं बोलणं आयकता म्हणत्यात. खरं का?"

"यात माईकच नाही, आबा. हा फक्त बोलू शकतो. ऐकू शकत नाही."

"तुमी तर असंच सांगणार."

तेवढ्यात मालिकेतली बाई बोलता बोलता गप्प झाली. तोंड हलत राहिलं. आणि बारमधून एका पुरुषाचा स्वच्छ आवाज आला, "...तिन्नावा?" पुढे दोन वाक्यं, आणि संपलं.

आबा ताडकन उठले. "आयकलं? ह्योच!"

मी मात्र बारकडे बघत होतो. त्याच्या छोट्या डिस्प्लेवर आतापर्यंत एआरसी दिसत होतं, आता बीटी दिसत होतं. म्हणजे ब्लूटूथ. जोडलेल्या एखाद्या मोबाईलवर काही वाजलं, की काही बार टीव्ही सोडून आपणहून त्या मोबाईलकडे वळतात.

रेणुकाचा फोन शिलाई मशीनवर उलटा पडला होता. तिने हातही लावला नव्हता. तरी मी सगळ्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं, माझ्यासकट. बीटी तसंच राहिलं. म्हणजे जोडलेला फोन या खोलीत नव्हता.

"ते कन्नड नाहीच," रेणुका म्हणाली. "खाण्याचं विचारत असेल, तर कन्नडमध्ये 'ऊटा आयता' म्हणतात. पहिल्या दिवसापासून सांगतेय मी. घरात कुणी ऐकून घेतलं नाही."

"मग कसलं हाय?"

"तेलुगू," मी म्हणालो. "जेवलीस का, असं विचारतोय."

"तुमाला कसं म्हाईत?" आबांची नजर आता माझ्यावर.

"शहराच्या पूर्व भागात वाढलोय. शाळेतले निम्मे दोस्त तेलुगू विणकरांच्या घरचे होते. या बिल्डिंगमध्ये तेलुगू बोलणारं कोण राहतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. ब्लूटूथ दहा-बारा पावलांपलीकडे फारसा जात नाही, पण वरचा स्लॅब तेवढ्यात येतो. मी रेणुकाच्या भावाला बरोबर घेतलं आणि जिना चढलो.

वरच्या फ्लॅटमध्ये नरसम्मा नावाच्या आजी एकट्या राहत होत्या. कानाने अधू. फोन हातातच होता. मी कोण हे सांगितल्यावर त्यांना वाटलं, मी त्यांचाच फोन दुरुस्त करायला आलोय.

"पोरगा भिवंडीत मागावर कामाला असतो," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत मेसेज टाकतो. बोललेला. पण मेसेज मुका. रेघ पळते, आवाज नाही. सून बोलू देत नसेल त्याला. रिकामे मेसेज पाठवायला लावते."

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याने आईला मोठ्याने ऐकू यावं म्हणून एक छोटा स्पीकर आणला होता. तो कपाटावर धूळ खात होता. बिघडला म्हणून ठेवून दिलेला. कंपनी खालच्या साउंडबारचीच. सगळं तिथेच उलगडलं. स्पीकर जोडताना फोनवर आसपासच्या स्पीकरांची नावं येतात. दोन नावं जवळपास सारखी होती, आणि घाईत त्याने खालच्या घरातलं दाबलं. त्या बारला पासवर्ड लागत नव्हता. तेव्हापासून आजींच्या मुलाचा आवाज रोज दुपारी खालच्या हॉलमध्ये उतरत होता.

मी रेणुकाच्या भावाला वर थांबवलं. "मी खाली गेलो की मेसेज परत दाबायला सांगा."

खाली येऊन आबांच्या शेजारी उभा राहिलो. बार आधीच ब्लूटूथवर होता. एरवी टीव्हीकडून मोबाईलकडे वळेपर्यंत मेसेजचा पहिला शब्द खाल्ला जायचा. या वेळी पूर्ण आला.

"अम्मा, तिन्नावा?"

अम्मा या शब्दाचा अर्थ आबांना कुणी सांगावा लागला नाही. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मशिनच असलं काढलंय, मानसानं करायचं काय?"

रेणुका आत जाऊन बॅग भरू लागली.

मी बारच्या मेमरीतले जुने फोन पुसले आणि ब्लूटूथ बंद केलं. वर जाऊन आजींचा फोन त्यांच्या स्पीकरला जोडला. त्यांनी मेसेज एकामागून एक लावले. प्रत्येकात तो जेवणाचंच विचारत होता. आजी मधेच म्हणाल्या, "सुनेचापण आवाज आहे की यात!" आणि पदराने स्पीकरवरची धूळ पुसू लागल्या.

फोन घ्यायला परत खाली आलो, तर रेणुका भावाबरोबर निघाली होती.

"आता कशाला जातीस?" आबा म्हणाले. "मिटलं की सगळं."

"तुमचं मिटलं, मामा. ह्यांना शनिवारी अक्कलकोटला पाठवा. इथे काय झालं ते त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंय मला. मग येईन."

जिन्यावर मला ती म्हणाली, "काका, रिपोर्टमध्ये लिहा. सेट चांगला आहे."

मी तसं लिहिलं. मॅनेजर मॅडमनी वाचून विचारलं, "मग रिटर्न नाही ना?"

"सेट नाही," मी म्हणालो.

नंतर रेणुका सासरी परत आल्याचं कळलं, पण नवऱ्याला दोन खेपा घालाव्या लागल्या. आता नवीन बार बसवला की मी ब्लूटूथ बंद करून निघतो. आणि डिस्प्लेवरची अक्षरं कशी वाचायची ते घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवतो. रिमोट ज्याच्या हातात असतो, तेवढ्याला दाखवून भागत नाही.