सोप्यातले खेकडे

माझं सासर रहिमतपूरजवळच्या एका गावात. तिथे आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, भिंतीवर फक्त वर्दीतली माणसं लागतात. आजेसासरे, सासरे, दीर, आमचे हे. सगळे छाती काढून, सगळे कुणावर तरी चिडल्यासारखे. बाईचा फोटो लागत नाही असं नाही, लागतो की, पण ती गेल्यावर. मला त्या भिंतीवर माझे खेकडे लावायचे होते.

हसू नका. लग्नाआधी सांगलीत एका रद्दीच्या दुकानात मला ते पान सापडलं होतं. कुठल्या तरी जुन्या परदेशी ग्रंथातून सुटलेलं. रेषा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या, रंग मात्र कुणीतरी बसून हाताने भरलेले. मधे ऐसपैस पसरलेला खेकडा, बाजूला शेवंड, खाली कोळंबी आणि शंखात घुसून बसलेला एक आगाऊ लहानगा. मोठ्याच्या नांगीचा तांबडा रंग एके ठिकाणी रेषेबाहेर गेलेला. भरणारीचा हात भरून आला असणार. माझ्यापुरती ती बाईच होती. डोळे मिटून बोट फिरवलं की चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची बारीक खाच लागायची. मी चित्रकलेची मास्तरीण, माझा जीव त्या खाचेत. सासरी येताना दागिन्यांच्याही आधी मी ते पान ट्रंकेत घातलं.

आल्या आल्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. चष्मा लावून नीट बघितलं. म्हणाले, "लय भारी हाय. पर खेकडं खायाचं अस्त्यात पोरी, टांगायचं न्हाई." चित्र कपाटात गेलं. घराला रंग लागला की मी विचारायची आणि ते "बघू" म्हणायचे. बघू म्हणजे नाही, हे कुठल्याही सुनेला कळतं. यंदा रंग झाल्यावर मी विचारलं नाही, सांगितलं, "मामा, या वेळी लागणार." पान टेबलावर काढून ठेवलं आणि शाळेत गेले.

संध्याकाळी आले तर मामा दारातच उभे. चेहरा खुललेला.

आमच्या घरात जे जे मोलाचं ते लॅमिनेट होतं. मामांचे फौजेतले कागद, शेताचा उतारा, आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, आधार कार्ड. फौजी माणसाला कागद भिजायची भारी भीती. मामा त्या दिवशी माझं चित्र घेऊन बाजाराला गेले होते.

"घे. आता ह्याला कायबी हुणार न्हाई," ते म्हणाले. "कडा वाकड्यातिकड्या हुत्या, त्याबी कापून सरळ करून घेतल्या. आता कपाटात ऱ्हाईल जल्मभर."

कडांबरोबर खाच गेली होती. तांबडा रंग काळपट पडला होता. बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक.

मी रडले नाही. माझं डोकंच फिरलं. एरवी मी शाळेतलं बोलते, पण संतापले की माहेरची बोली तोंडात येते. "आवं, कुणाला इचारून केलं ह्ये?"

"अगं, जपावं म्हणून..."

"मला जपायचं नव्हतं, लावायचं हुतं!"

आतून आत्या म्हणाल्या, "हळू की गं, शेजारी ऐकत्यात." म्हटलं, ऐकू द्या. आत्यांनी आमच्या ह्यांना पोस्टिंगवर फोन लावून दिला. हे म्हणाले, "जाऊ दे ना, नवी प्रिंट काढू." म्हटलं, ठेवा फोन. मामांनी वाईट मनाने केलं नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. म्हणून काय मी गप्प बसायचं? चांगल्या मनाने केलेलंही मोडतंच की.

चित्राचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. भिंत मात्र जागच्या जागी होती. मी प्लॅस्टिकला भोकं पाडली, सुतळी ओवली आणि सोप्यात खुर्ची ओढून वर चढले. ह्यांच्या फोटोशेजारी एक रिकामा खिळा आहे. मी गरोदर होते तेव्हा मामांनी तो ठोकला होता, नातवासाठी. झाली मुलगी. ती आता कॉलेजात जाते, पण खिळा कुणी काढला नाही. रंगाऱ्यालासुद्धा मामा दर वेळी बजावतात, तेवढा सांभाळून.

मी खेकडे त्या खिळ्याला अडकवले.

"तिथं न्हाई!" मामा ओरडले. "वर्दीवाल्यांची भिंत हाय ती."

"खेकड्यांच्याबी अंगावर चिलखत हाय मामा. आन ते जल्मापास्नं."

आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आन नातवाचा फोटू कुठं लावायचा?"

इतक्या वर्षांत हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मी खुर्चीवरूनच बोलले. "कुठला नातू, मामा? माझं वय सरलं. आता कुणी यायचं न्हाई. एक नात हाय, रोज तुमच्या शेजारी बसून जेवती. आन एक मी हाय."

मामा तसेच उभे राहिले, खिळ्याकडे बघत. मीही खुर्चीवरून उतरले नाही. शेवटी तेच खाली बसले.